घोडं पेंड कुठे खातं? अभिक्रियेच्या वेगाविषयी वाचकांचे प्रश्न

अभिक्रियाकारकांचं स्वरूप, कणांचा आकार, संहती, तापमान, उत्प्रेरक. ही यादी दहावीपासून सगळ्यांना पाठ असते. तरी आलेल्या पत्रांत बहुतेकांची तक्रार एकच आहे : यादीप्रमाणे केलं, पण पुस्तकात लिहिल्यासारखं झालं नाही. आमचं उत्तरही बहुतेक ठिकाणी एकाच जागी येतं. अभिक्रिया ज्या गोष्टीपायी अडून बसली आहे ती सोडून दुसरंच काही वाढवलं, तर वेग वाढत नाही.

प्रश्न : क्रियाशीलतेच्या श्रेणीत ॲल्युमिनिअम जस्ताच्या वर आहे. आम्ही दोन परीक्षानळ्यांत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घेतलं. जस्तावर लगेच बुडबुडे आले, ॲल्युमिनिअम मात्र ढिम्म. श्रेणी चुकली का? (दहावीचा विद्यार्थी, बार्शी)

श्रेणी बरोबर आहे. तुम्ही आम्लात टाकलं ते ॲल्युमिनिअम वरून ॲल्युमिनिअम ऑक्साइडच्या पापुद्र्याने झाकलेलं होतं. हा पापुद्रा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो, पण घट्ट आणि अखंड असतो. आम्लाला आधी तो विरघळवावा लागतो, त्यात काही मिनिटं जातात. नळी ठेवून द्या आणि पाहत राहा. आधी चार-दोन बुडबुडे येतील, मग वाढतील, आणि एकदा आतला धातू उघडा पडला की नळी हाताला गरम लागेल. ही अभिक्रिया उष्णता देते, त्या उष्णतेने तिचाच वेग आणखी वाढतो, आणि मघाशी ढिम्म असलेली नळी जस्ताला मागे टाकते. पॉलिश पेपरने घासून फारसा फायदा नाही, हवेत नवा पापुद्रा लगेच धरतो. त्यापेक्षा तुकडा आम्लात बुडबुडे जोरात येईपर्यंत ठेवा, पाण्याने चटकन धुवा आणि लगेच ताज्या आम्लात टाका.

तुलना करताना आणखी दोन ठिकाणी फसगत होते. स्वयंपाकघरातली फॉइल आणि प्रयोगशाळेतलं दाणेदार जस्त यांचं पृष्ठफळ सारखं नसतं. दोन्हींच्या पट्ट्या सारख्या मापाच्या घ्या. दुसरं म्हणजे एकूण वायू किती जमला यावरून वेग ठरवू नका. १ ग्रॅम ॲल्युमिनिअम साधारण १.३ लीटर हायड्रोजन देतं, १ ग्रॅम जस्त ०.३७ लीटर. हा फरक अणुभार आणि संयुजेचा आहे, वेगाशी त्याचा संबंध नाही. पहिल्या मिनिटात किती वायू आला, पुढच्या मिनिटात किती, असं मोजा. आणि फॉइल-आम्लाच्या बाटलीला बूच कधीही लावू नका. वायूला वाट मिळाली नाही की बाटली फुटते.

प्रश्न : लग्नानंतर पाचगणीला आले. इथे पातेल्यात डाळ शिजायला खूपच वेळ लागतो. आच मोठी केली तरी फरक नाही. कुकरमध्ये शिजते, पण शिट्ट्यांचा हिशेब जमत नाही. (एक वाचक, पाचगणी)

आच मोठी करून काहीच होणार नाही, हे तुमच्या लक्षात आलं ते बरोबरच आहे. पाणी एकदा उकळू लागलं की जास्तीची आच फक्त वाफ वाढवते, तापमान तिथेच राहतं. समुद्रसपाटीला ते १०० अंश सेल्सिअस असतं. पाचगणी-महाबळेश्वरच्या १३०० मीटरच्या आसपासच्या उंचीवर ते साधारण ९५-९६ अंशांवर अडकतं, कारण उंचीवर हवेचा दाब कमी असतो. दर ३०० मीटरला उकळबिंदू अंदाजे एक अंशाने उतरतो. चार अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण डाळ शिजणं म्हणजे डाळीतल्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन सुटणं आणि स्टार्च फुगणं. त्यातलं पेक्टिनचं काम तापमानाला फार हळवं आहे.

कुकर नेमकं तेवढंच करतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण दर चौरस सेंटिमीटरला एक किलोने चढतो, म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास जाऊनही उकळत नाही. तुमच्याकडे बाहेरचाच दाब कमी, म्हणून आतलं तापमान दोनेक अंश कमी राहील. त्यासाठी दोन-तीन मिनिटं जास्त धरा. दाब स्वतः डाळ शिजवत नाही, दाबामुळे चढलेलं तापमान शिजवतं.

शिट्ट्या मोजणं सोडा, घड्याळ लावा. शिट्टी किती वेळा होते हे आच, कुकरचं माप आणि आतलं पाणी यांवर ठरतं. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या चार मिनिटांत होतात, मंद आचेवर त्यालाच पंधरा मिनिटं लागतात. डाळीला लागतात ती मिनिटं. बाहेरच्या झाकणाच्या कुकरला आधी वाफ सरळ धारेने बाहेर पडू द्या, मग वजन ठेवा. घाईने वजन ठेवलं तर आत हवा अडकते. मग दाब पुरेसा दिसतो, पण त्यातला वाटा हवेचाही असल्यामुळे तापमान तेवढं चढत नाही. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची आणि तिथून मिनिटं मोजायची. डाळ फेसाळते, म्हणून भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका.

एवढं करूनही दाणा कडक राहिला तर पाण्याकडे पाहा. बोअरच्या क्षाराच्या पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. चिंच, टोमॅटो, आमसूल यांचा आंबटपणाही पेक्टिनला सहज सुटू देत नाही, म्हणून डाळ शिजल्यावरच आंबट घालायची रीत आहे आणि ती रसायनशास्त्राला धरून आहे. चिमूटभर खाण्याचा सोडा उलट बाजूने काम करतो, पण त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि जास्त पडला तर साबणासारखी चव येते. आम्ही सोड्यापेक्षा भिजवणं सुचवू. तूरडाळीला अर्धा तास पुरतो, राजमा-छोल्यांना रात्रभर हवं. अख्ख्या कडधान्यात बऱ्याचदा घोडं तापमानाशी नव्हे, आत पाणी शिरण्यापाशी पेंड खात असतं.

प्रश्न : नववी-दहावीला हायपो आणि आम्लाचा 'फुली दिसेनाशी होणे' हा प्रयोग करून घेतो. सहा गटांना एकच कृती दिली, तरी एकाची वेळ ४५ सेकंद, दुसऱ्याची ७०. आलेख काढला तर रेषेऐवजी नक्षी येते. (विज्ञान शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

हा प्रयोग स्वस्त आहे, दिसायला सुंदर आहे, आणि चुकायला तितकाच सोपा आहे. सोडिअम थायोसल्फेटमध्ये, म्हणजेच हायपोमध्ये, आम्ल पडलं की गंधकाचे बारीक कण तयार होतात, द्रावण दुधाळ होतं आणि फ्लास्कखालच्या कागदावरची फुली झाकली जाते. मोजतो ती वेळ म्हणजे 'फुली झाकण्यापुरतं गंधक तयार व्हायला लागलेला वेळ'. ही व्याख्या डोक्यात ठेवली की चुका कुठे शिरतात ते आपोआप दिसतं.

मापं आधी सांगतो. हायपोचे स्फटिक ४० ग्रॅम घेऊन पाण्यात एक लीटर द्रावण करा, ते साधारण ०.१६ मोलर होतं. डब्यावर 'निर्जल' लिहिलं आहे का पाहा. निर्जल हायपोचे ४० ग्रॅम घेतले तर द्रावण ०.२५ मोलर होतं, आणि एका गटाने एक डबा, दुसऱ्याने दुसरा वापरला की सगळा हिशेब तिथेच बिघडतो. हायड्रोक्लोरिक आम्ल २ मोलर हवं. संहत आम्लाचे साधारण १७० मिली पाण्यात ओतून एक लीटर करायचं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. हे काम तुम्ही स्वतः करा, चष्मा लावून.

प्रत्येक गटाला १०० मिलीचा एकाच बनावटीचा शंकूपात्र फ्लास्क द्या. पाच वेळा प्रयोग करायचा : हायपो ५०, ४०, ३०, २०, १० मिली, आणि त्यात पाणी अनुक्रमे ०, १०, २०, ३०, ४० मिली, म्हणजे दर वेळी एकूण ५० मिली. पाणी विसरलं तर द्रावणाची उंची कमी होते, फुलीवर गंधकाचा थर पातळ राहतो आणि वेळांची तुलनाच बिघडते. बीकर आणि फ्लास्क मिसळले तरी तेच होतं, रुंद भांड्यात थर उथळ असतो. शेवटी ५ मिली आम्ल. ते टाकताना घड्याळ चालू करायचं, फ्लास्क दोनदा गोल फिरवायचा आणि फुलीवर ठेवायचा. काही मुलं घड्याळ आम्ल ओतायला लागताना चालू करतात, काही ओतून झाल्यावर, काही खाली ठेवल्यावर. ४० सेकंदांच्या वेळेत इथेच चार-पाच सेकंद जातात.

फुली हाताने काढू देऊ नका. पेन्सिलची फुली लवकर जाते, स्केचपेनची उशिरा. एकच छापील कागद झेरॉक्स करून सगळ्यांना द्या. आणि एका गटात पाचही वेळा पाहणारा मुलगा एकच ठेवा. 'दिसेनाशी झाली' याचा प्रत्येक डोळ्याचा निकष वेगळा असतो, आणि सगळ्यात मोठा घोळ आमच्या मते इथेच होतो.

फ्लास्क लगेच धुवा. गंधकाचा थर काचेला चिकटून राहिला तर पुढच्या वेळी द्रावण आधीच अर्धवट दुधाळ दिसतं. कालचं राहिलेलं, गढूळ झालेलं हायपो वापरू नका.

आलेख काढताना वेळेऐवजी १ भागिले वेळ घ्या आणि तो हायपोच्या मिलीसमोर मांडा, रेषा जवळपास सरळ येईल. ५० मिलीला ४० सेकंद लागले असतील तर २५ मिलीला ८० च्या आसपास लागायला हवेत. नुसती वेळ मांडली तर वक्र येतो आणि मुलांना वाटतं प्रयोग चुकला.

तापमानाचा भाग करायचा असेल तर पाण्याच्या भांड्यात फ्लास्क ठेवून तापवा आणि तापमान आम्ल टाकल्यानंतर मोजा. ५० अंशांच्या ५० मिली द्रावणात २७ अंशांचं ५ मिली आम्ल पडलं की मिश्रण ४८ वर येतं. वहीत मात्र मुलं ५० लिहितात. ५५ च्या वर जाऊ नका. अभिक्रियेत सल्फर डायऑक्साइड निघतो, गरम द्रावणातून तो जास्त सुटतो. दम्याचा त्रास असलेल्या मुलांना खिडकीपाशी बसवा, आणि फुली गेली की मिश्रण लगेच धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात ओता, म्हणजे आम्ल मरतं आणि वायू थांबतो.

प्रश्न : बारावीच्या प्रात्यक्षिकात ऑक्झॅलिक आम्ल गरम करून परमँगनेट टाकायचं असतं, पण मोहर क्षाराला गरम करायचं नाही. असं का? आणि माझा पहिला थेंब गुलाबीच राहिला, म्हणून भराभर टाकलं तर द्रावण तपकिरी झालं. (बारावीची विद्यार्थिनी, चिपळूण)

मोहर क्षारातल्या (फेरस अमोनियम सल्फेटमधल्या) फेरस आयनाला फक्त एक इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, ते काम थंड द्रावणातही झटक्यात होतं. गरम केलं तर हवेतला ऑक्सिजनच फेरसला फेरिक करतो आणि वाचन कमी येतं. ऑक्झॅलेटमध्ये कार्बन-कार्बन बंध तुटावा लागतो, तिथे मोठा अडसर आहे, म्हणून ६० ते ७० अंश तापमान लागतं. थर्मामीटर नसेल तर फ्लास्क हातात धरवेल न धरवेल इतका गरम करा, उकळू नका. फार तापवलं तर ऑक्झॅलिक आम्लाचंच विघटन होतं आणि पुन्हा वाचन कमी येतं.

पहिला थेंब गुलाबी राहिला ते बरोबरच होतं. या अभिक्रियेचा उत्प्रेरक मँगनीज आयन आहे, आणि तो अभिक्रियेतूनच तयार होतो. सुरुवातीला तो नसतो, म्हणून पहिला थेंब रेंगाळतो. तो जिरला की पुढचे चटचट जिरतात. त्या पहिल्या थेंबाला वेळ द्यायचा, फ्लास्क हलवत राहायचं. खात्री करून घ्यायची असेल तर एकदा सुरुवातीलाच मँगनस सल्फेटचा खडा टाकून पाहा, पहिला थेंबही रेंगाळणार नाही. भराभर टाकल्याने न जिरलेलं परमँगनेट तयार झालेल्या मँगनीजशी अभिक्रिया करून तपकिरी मँगनीज डायऑक्साइड बनवतं. विरल सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं तरी हेच होतं. तपकिरी झालेला फ्लास्क ओतून द्या, तो सुधारत नाही. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक घालू नका, परमँगनेट क्लोराइडवर खर्च होतं.

प्रश्न : औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बटाट्याचे दुप्पट तुकडे टाकले तर दुप्पट ऑक्सिजन मिळेल का? (अकरावीचा विद्यार्थी, परभणी)

मिळणार नाही, फक्त लवकर मिळेल. ६ टक्क्यांच्या बाटलीवर '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थच १ मिलीतून २० मिली ऑक्सिजन असा आहे. १० मिली घेतलं तर २०० मिलीच्या आसपास, बटाटा कितीही असो. बटाट्यातलं कॅटालेझ हे विकर इथे उत्प्रेरक आहे. उकडलेला बटाटा टाकून पाहा, बुडबुडे जवळपास येणार नाहीत, कारण उष्णतेने विकराची घडी मोडलेली असते. किसलेला कच्चा बटाटा फोडीपेक्षा जोरात चालतो. उरलेलं पेरॉक्साइड बाटलीत परत ओतू नका. धुळीचा, गंजाचा कण गेला तरी विघटन चालू राहतं आणि घट्ट झाकणाखाली दाब साठतो.

प्रश्न : दर १० अंशांना वेग दुप्पट होतो म्हणतात. १० अंशांत एवढं काय होतं? (निवृत्त अभियंता, पुणे)

रेणूंच्या धडका वाढतात हे उत्तर अपुरं आहे. २५ वरून ३५ अंशांना गेलो तर केल्व्हिनमध्ये २९८ वरून ३०८, म्हणजे रेणूंची सरासरी ऊर्जा ३ टक्क्यांच्या थोडी वर वाढते आणि वेग त्याच्या निम्म्याने. धडका काही दुप्पट होत नाहीत. दुप्पट होतात ते सक्रियण ऊर्जेचा, म्हणजे अभिक्रियेला लागणाऱ्या किमान ऊर्जेचा, उंबरठा ओलांडू शकणारे रेणू. ते मुळात मूठभर असतात, आणि सरासरी थोडी सरकली की त्या मूठभरांची संख्या भराभर वाढते. स्वाँते अऱ्हेनिअसने १८८९ मध्ये यालाच समीकरणाचं रूप दिलं.

'दुप्पट' हा मात्र नियम नाही. याच तापमानांना दुप्पट होण्यासाठी सक्रियण ऊर्जा मोलमागे ५३ किलोज्यूलच्या आसपास हवी. ती २५ असेल तर वेग १.४ पट होतो, १०० असेल तर ३.७ पट. नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांची अभिक्रिया तर तापवल्यावर मंदावते, म्हणून नायट्रिक आम्लाच्या कारखान्यात तो वायू आधी थंड करून घेतात.

प्रश्न : आमच्या प्लांटमध्ये एक उष्णता देणारी बॅच असते. सुरक्षित म्हणून डोझिंग (माल थोडा थोडा टाकणं) ठरलेल्या ४० ऐवजी २० अंशांना करा, असं काही जुने ऑपरेटर सांगतात. ते बरोबर आहे का? (ऑपरेटर, रत्नागिरी जिल्हा)

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. ४० अंशांना टाकलेला माल टाकल्या टाकल्या संपतो, त्याची उष्णता तेव्हाच निघते आणि जॅकेट, म्हणजे रिॲक्टरभोवतीचं थंड पाण्याचं आवरण, ती काढून नेतं. २० अंशांना वेग चौथ्या भागावर आला तर माल संपत नाही, नुसता साठतो. रिॲक्टर शांत दिसतो. मग तापमान वर घेताना साठलेला सगळा माल एकदम पेटतो.

आकडे मांडून पाहा. जॅकेटमध्ये १० अंशांचं पाणी, बॅच ४० वर, म्हणजे फरक ३०. बॅच ५० वर गेली तर फरक ४०, म्हणजे थंड करण्याची ताकद फक्त एक-तृतीयांशाने वाढली. अभिक्रियेची उष्णता मात्र, १० अंशांना वेग दुप्पट धरला तर, दुप्पट झाली. ही शर्यत जॅकेट हरतं. त्यात प्रयोगशाळेतल्या एक लीटर फ्लास्कच्या तुलनेत त्याच आकाराच्या १००० लीटरच्या भांड्याला दर लीटरमागे थंड होण्याचं पृष्ठफळ दहाव्या भागाचंच मिळतं. फ्लास्कमध्ये बर्फाच्या तसराळ्याने आवरलं ते इथे आवरेलच असं नाही.

म्हणून ठरलेल्या तापमानाला पोचल्यावरच डोझिंग सुरू करा. पहिले पाच टक्के टाकून थांबा. बॅचचं तापमान हललं नाही, जॅकेटमधून येणारं पाणी कोमट झालं नाही, तर अभिक्रिया सुरूच झालेली नाही. अशा वेळी पुढे टाकू नका, वर कळवा. ॲजिटेटर (ढवळणारा पंखा) बंद पडला तर पहिला हात डोझिंगच्या व्हॉल्व्हवर गेला पाहिजे. नायट्रेशनसारख्या दोन थरांच्या बॅचमध्ये ढवळणं थांबलं की थर वेगळे होतात, अभिक्रिया फक्त सांध्यावर चालते आणि तापमान उतरतं. त्याला फसून डोझिंग चालू ठेवलं आणि मग ॲजिटेटर पूर्ण वेगाने चालू केला, तर साठलेला सगळा माल एका क्षणी एकमेकांना भेटतो. अशा वेळी ॲजिटेटर स्वतःच्या अकलेने चालू करायचा नाही, लेखी कृती असेल तीच करायची.

नको तो उत्प्रेरकही वेग वाढवतो. भोपाळला डिसेंबर १९८४ मध्ये ६१० क्रमांकाच्या टाकीतल्या सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेटमध्ये पाणी शिरलं, थंड ठेवणारी यंत्रणा आधीपासून बंद होती, आणि टाकीच्या गंजलेल्या पोलादातलं लोखंड त्या अभिक्रियेला उत्प्रेरक ठरलं. तुमच्या बॅचमध्ये गंज, आधीच्या मालाचा गाळ किंवा पाणी चालतं का, हे बॅच शीटवर लिहिलेलं नसेल तर विचारून लिहून घ्या.

प्रश्न : शहाबादी फरशीवर बाथरूमचं ॲसिड सांडलं तर फसफसून डाग पडला. बॅटरीचं ॲसिड सांडलं तिथे मात्र थोडा फेस येऊन थांबला. ते सौम्य असतं का? (एक वाचक, लातूर)

अजिबात नाही, बॅटरीतलं सल्फ्युरिक आम्ल जास्त घातक आहे. शहाबादी हा चुनखडीचा दगड. हायड्रोक्लोरिक आम्लाने होणारं कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळतं, त्यामुळे आम्लाला दर वेळी नवा दगड मिळत जातो. सल्फ्युरिकने होणारं कॅल्शियम सल्फेट फारसं विरघळत नाही, ते दगडावर साय धरतं आणि आम्ल दगडापर्यंत पोचत नाही. त्याच फरशीचा भुगा घेतलात तर सल्फ्युरिकही बराच वेळ फसफसेल, कारण एक सेंटिमीटरच्या घनाचे एक मिलिमीटरचे हजार घन केले की पृष्ठफळ ६ वरून ६० चौरस सेंटिमीटर होतं आणि साय धरायला तेवढी जागा जास्त लागते.

दोन्ही डागांवर भरपूर पाणी ओता, मग खाण्याचा सोडा टाकून फेस थांबेपर्यंत ठेवा आणि धुवून काढा. झिजलेला दगड परत येत नाही, तिथे पॉलिशवाल्याकडून घासून घ्यावं लागेल. पुढे शहाबादीला साबणाचंच पाणी वापरा.